डाव्या अंगाचा माणूस

माझी आई म्हणायची, "या पोरीचं तोंड आंधी पोचते, अन् अक्कल मांगून बैलबंडीनं येते." हे बोलणं मला फार झोंबायचं. पण एक्क्याऐंशी सालच्या जूनमध्ये माझ्यासमोर टेबलावर अर्धा माणूस पडला होता, तेव्हा आईचं म्हणणं मी निमूट मान्य केलं.

मी सेवाग्रामला डॉक्टरकी शिकत होते, दुसरं वर्ष; तिथलं एकेक वर्ष दीड वर्षाचं असायचं. न्यायवैद्यक शिकवणारे आमचे खांडवे सर शांत माणूस. जिल्हाभरातल्या ठाण्यांतून त्यांच्याकडे हाडं, कवट्या, डाग पडलेले कपडे यायचे. कोणाचे आहेत ते कळत नाही आणि कोणी मारलं तेही कळत नाही, अशी जुनी प्रकरणं कपाटात साचून राहिली होती. म्हणून त्या उन्हाळ्यात सरांनी आम्हा चार विद्यार्थ्यांना सुटीत थांबवून घेतलं. हाडं धुवायची, टेबलावर माणसाच्या आकारात मांडायची, मोजायची, आणि बाई की पुरुष, वय किती, उंची किती, ते कागदावर लिहायचं. सर मागून तपासायचे. घरी जाऊन शेणगोठा करण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी लगेच हो म्हटलं होतं.

एका सकाळी फौजदार बोरकर पोतं घेऊन आले. जाड मिशांचे, घामानं निथळलेले, बोलायला मोकळे. पोतं ठेवल्या ठेवल्या त्यांनी आमच्या गावाचं नाव घेतलं आणि माझे कान उभे राहिले. आमचं गाव आर्वीपासून सात मैलांवर. चार रस्ते, एक मारुती आणि बाकी सगळे एकमेकांचे नातेवाईक.

"शहात्तर सालची केस हाये," फौजदार सांगू लागले. "रूपराव नावाचा गडी. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली मोठ्या भावासंगं झोंबला, कोनाची जोडी पुढं लावाची म्हनून. दुसऱ्या दिवशी पोरायचा तान्हा पोळा, अन् गडी गायब. पाच वर्स पत्ता नाई. आता मे महिन्यात त्या मोठ्या भावाच्याच पडीक इहिरीत हाडं सापडली. नत्थूजी नाव हाये त्याचं. उचलला त्याले."

नत्थूजी म्हणजे आमच्या शेताच्या धुऱ्याला, बांधाला लागून शेत असलेले नत्थूकाका. घुमा माणूस. लहानपणी त्यांच्या बोरीखाली जायची आमची छाती व्हायची नाही. रूपराव गेला त्या वर्षापासून गावानं ठरवून टाकलं होतं की यानंच भावाला मारलं. कोणी तोंडावर बोलत नव्हतं, पण त्यांच्या पंगतीला बसायला लोक कां-कूं करत. मीही त्याच गावात वाढलेली.

"सर, मी ओळखते त्यांना," मी म्हणाले. "त्यांनीच मारलं. सगळ्या गावाला माहीत आहे."

फौजदारांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि माझं नाव लिहून घेतलं, रत्नमाला, बाप किसनराव, मुक्काम अमुक. "जबाब द्याल का बाई?" त्यांनी विचारलं. "देईन की," मी म्हणाले. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना नागपूरला कोर्टात साक्षीला जायचं होतं. संध्याकाळच्या गाडीनं परत येतो, तोवर मांडून ठेवा, असं सांगून ते निघाले.

जाता जाता फौजदारांनी उरलेलं सांगितलं. हाडं फक्त डाव्या अंगाची होती. उजवं एकही नाही, आणि मुंडकं नाही. दवाखान्याच्या डॉक्टरनं चिठ्ठीवर तेवढंच लिहून दिलं होतं. म्हणजे नत्थूजीनं भावाला उभा चिरला असणार, अर्धा इथं टाकला, अर्धा आणखी कुठं. घरातून करवतही जप्त झाली होती. हाडांबरोबर नारळाची करवंटी आणि सुपाऱ्या निघाल्या होत्या, ते तर अजून पक्कं.

"परका मानूस मारून नारळ-सुपारी देत नाई," फौजदार म्हणाले. "घरचाच देते. भूत मांगं लागू नये म्हनून. नऊ दिवस झाले, मी त्याले एकच गोष्ट इचारून राह्यलो, मुंडकं कुठं हाये? बोलतच नाई. मी हात नाई लावला, खोटं काऊन बोलू. पन वरून दम येऊन राह्यला. हप्त्याभरात मुंडकं काढा म्हनतात. मंग मले बी नाइलाज हाये."

खरं तर 'एकच बाजू' हे ऐकताक्षणी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण करवत ऐकली आणि मी नत्थूकाकांना मनातल्या मनात फासावर चढवून मोकळी झाले. आणखी एक गोष्ट आमच्यापैकी कोणालाच सुचली नाही. ती विहीर उपसायला माणसं लावली होती ती खुद्द नत्थूकाकांनीच. ज्यानं लपवलं तो स्वतः होऊन गाळ कशाला काढेल? पण एकदा माणूस खुनी ठरला की त्याची विहीरसुद्धा खुनी ठरते.

आम्ही हाडं धुतली. माझ्याबरोबर टेबलावर ओमप्रकाश होता. पुलगावच्या कापडवाल्या मोतीलालशेटचा मुलगा, तोंडात अर्धी मराठी आणि अर्धी हिंदी. मांडीचं हाड, नळीचं, दंडाचं, खांद्याचं पान, एका बाजूच्या फासळ्या. गाळानं सगळी काळपट पडली होती. सरांनी सांगितलं होतं, कापल्याची खूण शोधा. मी भिंग घेऊन तासभर शोधली. एकही नाही. करवतीनं माणूस चिरला तर मणके तरी कापले जातील ना? इथे मणके अख्खे होते, फक्त मोजून निम्मे.

मग मी गळ्याजवळचं हाड, कॉलरबोन, उचललं आणि चिखल काढायला त्यावरून अंगठा फिरवला. मध्यावर एक गाठ लागली. कधीतरी मोडून वेडंवाकडं जुळलेल्या हाडाची असते तशी, सुपारीएवढी.

माझा अंगठा तिथेच थांबला. आम्ही पहिल्या वर्षी हाडं पिशवीत घालून, डोळे मिटून, नुसत्या हातानं ओळखायचा सराव करायचो. ही गाठ मी शंभर वेळा चाचपली होती. मी डोळे मिटले आणि पुन्हा अंगठा फिरवला. तीच गाठ.

"ओम," मी म्हणाले, "हे बघ."

त्यानं हाड हातात घेतलं, गाठ चाचपली, खिडकीपाशी नेलं. मग हाड जपून टेबलावर ठेवलं. "रत्ना, ये तो अपने भाऊसाहेब है," तो कुजबुजला.

आता भाऊसाहेब कोण, ते सांगायला हवं. अठ्ठ्याहत्तर साली आम्ही कॉलेजात आलो तेव्हा अभ्यासाला हाडं लागायची. वरच्या वर्गातली मुलं आपला संच खालच्यांना देऊन जात. आमच्या वेळी एकच संच उरला होता आणि घेणारे दोघं, मी आणि ओमप्रकाश. दोघांत वाटून घ्यायची रीतच होती. एकाला डावी बाजू, एकाला उजवी, मणके निम्मे निम्मे. डावी माझ्याकडे आली, उजवी त्याच्याकडे. कवटी एकच, तिच्यासाठी चिठ्ठी टाकली आणि ती ओमनं जिंकली. एका मुलीनं आणि एका मुलानं मिळून एक माणूस वाटून घेतला, म्हणून मेसमध्ये महिनाभर आमची चेष्टा चालली. हाडांना आम्ही आदरानं भाऊसाहेब म्हणायचो. कोणाचा तरी देह आहे, नुसतं 'हाडं' म्हणणं आम्हालाच बरं वाटेना.

त्या दिवाळीत मी माझे अर्धे भाऊसाहेब पत्र्याच्या पेटीत घालून घरी नेले. भाऊबीजेच्या दिवशी मी मामाकडे गेले आणि आईनं पेटी उघडली. परत आले तर पेटी धुऊन उन्हात उपडी घातलेली. मी आकांडतांडव केलं. आई जागची हलली नाही.

"कोन्या मायचा लेक हाये तो, मले काय माईत," ती म्हणाली. "त्याचं कोनी केलं का नाई, तेही माईत नाई. अन् तू त्याले पेटीत घालून खाटेखाली ठेवतं? म्या त्याले आंघोय घातली, धोतरात बांधला, नारय-सुपारी देल्ली, अन् चिंधू सालदाराच्या हातानं वर्धा नदीत शिरवाले धाडला. बस झालं तुवं शिक्षन."

नारळ आणि सुपारी. सकाळी फौजदारांनी सांगितलं तेव्हा हे मला आठवू नये! तेव्हा मी आईशी आठ दिवस बोलले नव्हते. परत येऊन ओमच्या उजव्या हाडांवरून डावी शिकले आणि पास झाले. भाऊसाहेब वर्धेतून वाहून गोदावरीला लागले असतील, असंच मी धरून चालले होते. ते नत्थूकाकांच्या विहिरीत कसे पोचले, ते मला कळेना. पण पोचले होते. आणि त्यांचं मुंडकं मुलांच्या वसतिगृहात ओमप्रकाशच्या फळीवर, डोक्यात क्रिकेटची टोपी घालून बसलं होतं.

मी हात न धुताच बाहेर कडुनिंबाखाली येऊन बसले. खोटं कशाला सांगू, पहिला विचार माझ्या मनात नत्थूकाकांचा आला नाही. आईचा आला. पोलीस तिला बोलावणार. लुगड्याचा पदर डोक्यावरून न ढळू देणारी माझी आई ठाण्यात बाकावर बसणार. मग सर आले, मग कॉलेजातून नाव कमी होणं आलं. ओम शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "कुणाला काय कळणार? हम नहीं बोलेंगे तो कोई नहीं बोलेगा."

"आणि नत्थूकाका?" मी विचारलं.

ओम खाली बघू लागला. मग म्हणाला, "नऊ दिन से उससे मुंडी पूछ रहे है. और मुंडी मेरे पास."

हे ऐकलं आणि मला एकदम रडू फुटलं. न केलेल्या खुनाचं, नसलेलं मुंडकं तो घुमा माणूस कुठून काढून देणार होता? आणि सकाळी मी काय म्हणाले होते? 'त्यांनीच मारलं.' डायरीत माझं नाव लिहिलेलं होतं. ज्याच्या धुऱ्याला लागून माझं बालपण गेलं, त्याच्या गळ्यातल्या दोराचा एक पीळ मी स्वतः वळला होता.

"जा," मी ओमला म्हणाले. "सगळं घेऊन ये. टोपी काढून."

संध्याकाळी सर आले तेव्हा टेबलावर अख्खा माणूस होता. डावी बाजू काळी, उजवी पिवळसर. मी सरांना सगळं सांगितलं, आईची अंघोळ, नारळ, चिंधू, सगळं. सकाळचा माझा शहाणपणाही सांगितला. सरांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला दोन्ही बाजूंनी कमरेची दोन्ही हाडं लावून पाहिली. खट्कन बसली. मानेचा पहिला मणका माझ्याकडचा होता, कवटी ओमकडची. तीही बसली. सरांनी दोन्ही मांड्यांच्या हाडांची मापं घेतली, पुन्हा घेतली. मग गुडघ्याजवळ भिंग धरलं आणि मला बोलावलं. अभ्यासाचा सांगाडा तारेनं जोडण्यासाठी पाडलेलं बारीक भोक होतं, दोन्ही बाजूंना, एकाच जागी. डाव्या भोकात गाळ भरला होता, म्हणून मला दिसलं नव्हतं.

"तुम्ही हे सांगितलं नसतं तरी मला उद्या दिसलं असतं," सर म्हणाले. माझी मान खाली गेली. "पण मग ही हाडं कोणाच्या पेटीतली, ते कळलं नसतं. नुसतं 'अभ्यासाची हाडं' म्हटलं असतं तर पोलीस म्हणाले असते, मग रूपरावची कुठे? पोरी, तू बोललीस ते बरं केलंस. आता पुढच्या वेळी हाड बघायच्या आधी बोलू नकोस."

मला आयुष्यात इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. जेवणात मी चार भाकरी खाल्ल्या.

सरांनी रात्रीच ठाण्यावर फोन करून सगळं कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फौजदार आले. त्यांच्या जीपमधून आई उतरली आणि मागून आमचा सालदार चिंधू, टोपी हातात चुरगाळत. आईनं टेबलाकडे पाहिलं, हात जोडले आणि चिंधूकडे वळली.

"काऊन रे? तुले मी नदीत शिरवाले सांगतलं होतं ना?"

"मालकीनबाई, दिवस बुडत आलता," चिंधू रडकुंडीला आला. "नदी तीन कोस. खांद्यावर मेलेला मानूस, अन् गाठोडं चालताना आतून वाजे. मले वाटे थो काई बोलून राह्यला. नत्थूजीची पडीक इहीर रस्त्यातच होती. म्या हात जोडले अन् टाकला. पान्यातच टाकला ना बाई!"

"अन् नत्थूजीले धरून नेलं तवा तुही वाचा बसली होती का?"

"मले वाटलं, इहिरीत माह्या गाठोड्याच्या खाली रूपराव बी असंन," चिंधू म्हणाला. "सारं गावच म्हनत होतं."

आईनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की फौजदारसुद्धा मागं सरले. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "लिहा साहेब. गाठोडं मी बांधलं. नारय माह्या घरचा. जे काई करायचं ते मले करा, त्या मानसाले सोडा."

फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला. डायरी उघडली, आदल्या दिवशीचं पान काढलं आणि माझ्या नावावर दोन उभ्या रेघा ओढल्या. "तुमचा जबाब राह्यला, बाई," ते मला म्हणाले, "बरंच झालं. मी बी करवत उगाच उचलून आनली. मानूस येडा होते कधी कधी." त्या मोठ्या देहाच्या माणसानं एवढं कबूल केलं, याचंच मला कौतुक वाटलं.

तीन दिवसांनी सरांचा अहवाल आर्वीच्या कोर्टात पोचला आणि नत्थूकाका सुटले. मी मुद्दाम गेले होते. ते बाहेर आले, दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. मी पुढे झाले आणि पाठ करून आणलेलं सगळं विसरले. "काका, मीपण म्हणाले होते तुम्हीच..." एवढंच बोलता आलं.

"सारेच म्हनत होते, पोरी," ते म्हणाले. "पाच वर्स. मले बी आता आता वाटाले लागलं होतं, का मीच मारला का काय. तो भांडून गेला, तेवढंच माईत होतं मले. इहिरीतून हाडं निघाली तवा साऱ्यात आंधी मीच रडलो. तू खरं सांगतलं, तवा माहा रूपराव त्या इहिरीत मेला नाई, हे मले समजलं. बस झालं मले तेवढं."

मी आणि नत्थूकाका गावी पोचलो तर आई घरात नव्हती. हाडं निघाली त्याच दिवशी बायकांनी रूपरावच्या बायकोच्या, जयवंताकाकीच्या, बांगड्या फोडल्या होत्या आणि कुंकू पुसलं होतं. पाच वर्षं जपलेलं कुंकू. आई करंडा आणि हिरव्या बांगड्या घेऊन सरळ तिच्या घरात शिरली होती. जयवंताकाकी नाही नाही म्हणत होती, लोक काय म्हणतील म्हणत होती. "माह्या गाठोड्यानं पुसलं, मीच लावीन," आई म्हणाली आणि तिनं तिच्या कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू लावलं. जयवंताकाकी आधी रडली, मग आरशात बघून हसली. दारात उभ्या असलेल्या बायकाही हसल्या, त्यांतल्या दोघी बांगड्या फोडणाऱ्याच होत्या.

कागदपत्रं सुटून हाडं परत मिळायला दिवाळी उजाडली. ओमप्रकाश आपली उजवी बाजू आणि कवटी घेऊन आमच्या गावी आला. आता राहिलेलं शिक्षण हाडांशिवाय होईल, असं तो म्हणाला. आईनं पुन्हा अंघोळ घातली, या वेळी अख्ख्या माणसाला. नदीवर कोण जाणार, हे ठरत असताना नत्थूकाका दारात येऊन उभे राहिले.

"मी नेतो त्याले," ते म्हणाले. "अडीच वर्स माह्या इहिरीत राह्यला. माहा भाऊ म्हनून पंचनाम्यात लिहिल्या गेला. पाहुना होता, पन घरचाच झाला आता."

आम्ही सगळे बंडीनं वर्धेवर गेलो. चिंधूला पुढे बसवलं होतं, पुन्हा वाटेत उतरून कुठे टाकायला नको म्हणून. नत्थूकाका कमरेएवढ्या पाण्यात उतरले. गाठोडं छातीशी धरून त्यांनी मागं वळून मला विचारलं, "पोरी, पाहून घे बरं. काई राह्यलं तर नाई ना याचं?"

मी आदल्या दिवशी दोनदा मोजली होती. "नाही काका," मी म्हणाले. "सगळा आहे."

"मंग जा बाप्पा," ते गाठोड्याला म्हणाले. "पुरा जा आता. अन् रस्त्यात कोठी माहा रूपराव भेटला, तर घरी येजो म्हन. बैल त्याचेच पुढं लावतो म्हन."

त्यांनी हात सोडले. जयवंताकाकीनं पदर तोंडावर घेतला. मी रडत होते आणि तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं मोकळं वाटत होतं. घरी येईपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. शेवटी आईनं माझ्या कपाळाला हात लावला आणि ओमप्रकाशला विचारलं, "पाह्य बरं डाक्टर, हिले ताप तर नाई?"